९१ अंशांचा चौकोन

पायथन ही संगणकभाषा शिकायला बसलेल्या मुलांच्या पडद्यावर पहिल्या काही दिवसांतच एक रंगीत फूल उमलते. चौकोन काढायचा, १० अंश वळायचे, पुन्हा तोच चौकोन; असे ३६ वेळा. मध्ये मध्ये रंग बदलला की काढणारा खूश, शिकवणारा खूश, आणि फोटो घरच्यांच्या ग्रुपवर. या फुलामागे जवळपास साठ वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला की कळते, ज्यांनी ही वाट पाडली त्यांना फुलाशी फारसे कर्तव्य नव्हते.

१९६७ साली अमेरिकेतल्या केंब्रिज गावी, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉली फ्युरझाइग, सिंथिया सॉलोमन, डॅनियल बॉब्रो आणि सीमोर पॅपर्ट यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. तेव्हा तिच्यात चित्र नव्हतेच. मुले शब्दांशी, वाक्यांशी, आकड्यांशी खेळत. कासव आले ते १९७०च्या सुमारास: जमिनीवर सरकणारे, पोटात पेन असलेले यंत्र. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर यांनी १९४०च्या दशकाअखेर बनवलेली यांत्रिक कासवे हे त्याचे पूर्वज. पुढे ते पडद्यावर गेले आणि एवढासा त्रिकोण होऊन बसले. रंगांची चैन घराघरांत पोहोचली ती १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकांबरोबर.

पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतले गणिती. जिनिव्हात त्यांनी बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षे काम केले होते. मुलाला भूमिती फळ्यावरून नव्हे, स्वतःच्या चालण्यावळण्यातून कळावी, असा त्यांचा आग्रह. वर्तुळ कसे काढायचे? उठ, चालून बघ. थोडे पुढे, थोडे वळ. पुन्हा थोडे पुढे, थोडे वळ. आपल्याकडे हे पाहिले की कुणालाही ठिपक्यांची रांगोळी आठवेल, पण फरक मोठा आहे. रांगोळीत ठिपके आधी मांडलेले असतात. कासवाला ठिपके नाहीत, आलेखाचे अक्ष नाहीत. आपले तोंड कुठे आहे आणि किती पावले जायचे, एवढेच त्याला ठाऊक.

यातूनच खरी गंमत निघते. कासव फिरून मूळ जागी, मूळ दिशेला आले, तर त्याच्या सगळ्या वळणांची बेरीज ३६०च्या पटीत असलीच पाहिजे. पंचकोनाला दर वळणी ७२ अंश. तेच १४४ केले तर पाच टोकांची चांदणी, कारण कासव स्वतःभोवती दोनदा फिरते. सप्तकोनाला मात्र ३६०ला ७ने भाग जात नाही. मूल ५१ घालते. सात बाजू होतात, वळणांची बेरीज ३५७ भरते आणि आकृती मिटत नाही. हे तीन अंश कुठे गेले? हटून तोच प्रोग्राम चालू ठेवला, तर १२० बाजूंनंतर रेघ पुन्हा सुरुवातीला येते, आणि तोवर पडद्यावर असे जाळीदार कडे तयार होते की चुकीची दुरुस्ती करायचे मन होऊ नये. चौकोनात ९०च्या जागी ९१ टाकून दर बाजू थोडी थोडी वाढवली की पिळदार भोवरा फिरू लागतो. चूक इतकी देखणी दिसण्याची सोय शाळेच्या दुसऱ्या कुठल्या विषयात आहे, मला माहीत नाही.

शाळांनी याचे काय केले? पाठ केले. तयार ओळी टंकायच्या, फूल आले की बरोबर, नाही आले की खोडून पुन्हा. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधले रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४मध्ये दाखवून दिले की वर्षभर लोगो शिकलेली मुले नियोजनाच्या कामात इतरांपेक्षा सरस ठरत नाहीत. पॅपर्ट यांचे उत्तर असे, की संगणकाने मुलाचे काय होते हा प्रश्नच चुकीचा. वर्गात त्याच्याभोवती काय घडते ते बघा. उत्तर मला पटते, पण ते सोयीचेही आहे. नापास झालेली प्रत्येक योजना वर्गाकडेच बोट दाखवते.

तरी कासव टिकले. पायथनबरोबर ते आपोआपच मिळते. आयआयटी मुंबईत अभिराम रानडे यांनी सिंपलसीपीपी हे साधन तयार केले. त्यांच्या सी प्लस प्लसच्या पाठ्यपुस्तकात विद्यार्थ्याची सुरुवात कासवाकडून चौकोन काढून घेण्यापासूनच होते. पुढे बाजूंची संख्या वापरणाऱ्यालाच विचारायची झाली, की सप्तकोन पुन्हा आडवा येतो. या भाषेत ३६० भागिले ७ असे पूर्णांकांत लिहिले तर उत्तर ५१च मिळते. म्हणजे लोगोतल्या मुलाने अंदाजाने केलेली चूक इथे यंत्र स्वतःच करते, आणि पूर्णांक व अपूर्णांक यांत यंत्र भेद का करते हे तरुण विद्यार्थ्याला न मिटलेल्या आकृतीतून समजते.

आता तर फुलाचे वर्णन केले की यंत्रच प्रोग्राम लिहून देते. त्यामुळे प्रात्यक्षिक परीक्षेत ‘रंगीत नक्षी काढा’ हा प्रश्न ठेवण्यात अर्थ उरलेला नाही. त्याऐवजी संगणक बंद ठेवून विचारावे: दर वळण १०० अंशांचे असेल, तर किती बाजूंनी आकृती मिटेल आणि तोवर कासव स्वतःभोवती किती फेऱ्या मारेल? उत्तर १८ बाजू आणि ५ फेऱ्या. ते आकडे प्रश्नपत्रिकेतच छापले तरी चालेल. गुण कारणाला द्यावेत.