पंखा फिरण्यापूर्वीचे एक मिनिट

कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला. पुढे भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी आरंभी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव आणि जळगावबरोबर कलबुर्गीही होता. शेजारच्या बिदरला हवाई दलाचे जुने प्रशिक्षण केंद्र असून सूर्यकिरण पथकाचे ठाणेही तेच आहे. आळंद, भालकी, औराद, बसवकल्याण या मराठी वस्तीच्या तालुक्यांतील मुलांना वैमानिक होण्यासाठी आता दूरचे महानगर गाठावे लागत नाही. गोव्यातील पालकांसाठी तर बेळगाव घाट चढला की आलेच. म्हणूनच या लहान विमानांची सुरक्षा हा आपल्याही आस्थेचा विषय ठरतो.

या सुरक्षेची चर्चा होते ती विमान कोसळल्यावर. ३० मे २०२३ रोजी बेळगावजवळ एक प्रशिक्षण विमान तांत्रिक बिघाडामुळे शेतात उतरवावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. अशा घटनांची बातमी होते, चौकशीही होते. मात्र लहान विमानातील पहिला धोका आकाशात नसतो. तो जमिनीवर, इंजिन सुरू करण्याच्या क्षणी असतो आणि त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

प्रशिक्षणातील बहुतेक विमानांना पिस्टन इंजिन असते. त्याला ठिणगी पुरवणारी दोन मॅग्नेटो यंत्रे बॅटरीवर अवलंबून नसतात. इंजिन फिरले की ती स्वतःच वीज निर्माण करतात. ती बंद ठेवण्यासाठी कळीपासून एक तार जोडलेली असते. ही तार तुटली, तर कळ ‘बंद’ दाखवत असतानाही मॅग्नेटो जिवंत राहते. अशा वेळी कोणी पंखा हाताने सहज ढकलला, तरी इंजिन एखादा झटका देऊ शकते आणि तेवढ्याने हात जाऊ शकतो. त्यामुळे थांबलेल्या पंख्यालाही तो चालू असल्यासारखेच वागवावे, हा या व्यवसायातील पहिला धडा आहे.

इंजिन सुरू करण्याची रीत साधी आहे. ब्रेक दाबलेले आहेत ना, हे पाहायचे. वरचा लुकलुकता दिवा लावायचा. डावी-उजवीकडे नजर टाकायची, खिडकीतून ‘क्लिअर प्रॉप’ अशी मोठ्याने हाक द्यायची आणि क्षणभर थांबून मगच किल्ली फिरवायची. या थांबण्यातच सारे मर्म आहे. हाक देता देताच किल्ली फिरवली, तर पंख्याजवळच्या माणसाला बाजूला होण्यास वेळच उरत नाही. एकदा वेग घेतला की पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसेनासा होतो. इंजिन सुरू होताच तेलाचा दाब पाहायचा; अर्ध्या मिनिटात तो चढला नाही, तर इंजिन बंद करायचे.

कलबुर्गीचा उन्हाळा या कामात भर घालतो. तापमान चाळिशीपार गेले असताना नुकतेच बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू करायचे, तर नळ्यांतील इंधनाची वाफ झालेली असते. इंजिन दाद देत नाही. अननुभवी विद्यार्थी मग जास्तीचे इंधन सोडतो, ते साचते आणि आग लागण्याची शक्यता निर्माण होते. अशी आग लागल्यास स्टार्टर सोडायचा नसतो. इंजिन फिरवत ठेवले, तर ज्वाळा आत ओढल्या जातात. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. म्हणून ही कृती आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते.

जमिनीवरचे बळी आपल्या देशाने पाहिले आहेत. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर एक तंत्रज्ञ प्रवासी विमानाच्या इंजिनात ओढला गेला. २३ एप्रिल २०२३ रोजी केदारनाथला हेलिकॉप्टरच्या मागच्या पंख्याने एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव घेतला. यंत्रे वेगळी होती, पण धोका एकच होता: फिरणारे यंत्र आणि त्याच्या टप्प्यात आलेला माणूस.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. तासाभराची एक फेरी धरली, तर प्रत्येक विद्यार्थी सुमारे दोनशे वेळा ही किल्ली फिरवतो. दहाव्या वेळी असलेली सावधगिरी दीडशेव्या वेळी टिकतेच असे नाही. त्यात प्रत्येक तासाचे मोल पालकांनी कर्ज काढून चुकवलेले असते. विद्यार्थ्याला तास भरायचे असतात आणि संस्थेला विमान रिकामे ठेवायचे नसते. घाई शिरते ती याच वाटेने.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी सुरू केली असून सुरक्षा हा तिचा एक निकष आहे. जमिनीवर थोडक्यात टळलेले प्रसंगही या निकषात मोजले जावेत. मात्र ते प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या संस्थेचे गुण कापले जाऊ नयेत. अन्यथा नोंदी होणेच थांबेल. शिकाऊ मदतनिसांपासून इंधन भरणाऱ्यापर्यंत विमानाजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला पंख्याचे नियम त्याच्या भाषेत शिकवावेत. सीमाभागात ती भाषा कन्नड असेल, मराठी असेल किंवा दखनी.

पालकांनीही प्रवेशाच्या वेळी शुल्क आणि विमानांची संख्या विचारून थांबू नये. धावपट्टीच्या कडेला उभे राहून एक इंजिन सुरू होताना पाहावे. हाक दिली जाते का आणि हाकेनंतर कोणी थांबते का, एवढे पाहिले तरी त्या संस्थेची शिस्त कळेल.