भाषाविवेक : ‘जर’ आणि ‘तर’ यांमधील सत्य

व्यापाऱ्याचे पत्र म्हणजे त्याने दिलेल्या शब्दाची नोंद. परप्रांतीय अथवा परदेशी पेढीशी इंग्रजीतून व्यवहार करताना एका लहानशा क्रियापदाने या नोंदीचा अर्थ पालटू शकतो.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले जातात. ‘माल वेळेवर आला असता, तर पैसे दिले असते’ हा संकेतार्थ होय. माल वेळेवर आला नाही व पैसेही दिले नाहीत, हे यात न सांगताच कळते. इंग्रजीतील ‘सब्जंक्टिव्ह’ याच्याच जवळचा. मात्र त्याची स्वतंत्र रूपे आज थोडीच उरली आहेत. ‘इफ आय वेअर यू’, म्हणजे ‘मी तुमच्या जागी असतो तर’, यातील ‘वेअर’ हे त्यांपैकी ठळक. बोलण्यात येथे ‘वॉज’ही ऐकू येते, औपचारिक लेखनात ‘वेअर’ योग्य.

आता तीन वाक्ये पाहावीत. ‘इफ द गुड्स आर डॅमेज्ड, वुई विल रिप्लेस देम’ : माल खराब असल्यास बदलून देऊ, हे सरळ वचन. ‘इफ द गुड्स वेअर डॅमेज्ड, वुई वुड रिप्लेस देम’ : समजा माल खराब असता, तर बदलून दिला असता, पण तसे दिसत नाही, अशी छटा. ‘इफ द गुड्स हॅड बीन डॅमेज्ड, वुई वुड हॅव रिप्लेस्ड देम’ : माल तेव्हा खराब नव्हताच. तक्रार करणाऱ्या ग्राहकाला पहिल्याऐवजी दुसरे वाक्य गेले, तर आश्वासनाच्या जागी त्याला नकार ऐकू येतो.

मराठी माणसाची नेहमीची चूक निराळी आहे. आपल्याकडे ‘असता’ आणि ‘असते’ दोन्ही अंगांना येतात. म्हणून इंग्रजीतही ‘वुड हॅव’ दोन्हीकडे लिहिले जाते. प्रमाण इंग्रजीत ते ‘इफ’च्या अंगात येत नाही, तेथे ‘हॅड’ हवे. उलट, प्रत्येक ‘इफ’पुढे ‘वेअर’ घालणेही चुकीचे. ‘इफ द चेक वॉज सेंट येस्टर्डे, प्लीज गिव्ह द नंबर’ येथे चेक खरोखर पाठवलेला असू शकतो. म्हणून ‘वॉज’च बरोबर.

‘स्यात्’ हे रूप संस्कृतात ‘अस्’ धातूच्या विधिलिङाचे. परंतु स्याद्वादात आचार्यांनी ते ‘कथंचित्’ या अर्थाचे अव्यय मानले. तेथे ते संशय दाखवत नाही. विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे, ते दाखवते. संकेतार्थाचे कार्य वेगळे असले, तरी बोलण्याची मर्यादा स्पष्ट करणे हा गुण दोहोंत समान आहे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, गणली आहे. व्याकरणाची चूक म्हणजे कूटलेख नव्हे; पण वाचणाऱ्याची फसगत तीही करू शकते. म्हणून पत्र धाडण्यापूर्वी एवढे पाहावे : लिहिलेली गोष्ट घडलेली आहे, घडू शकणारी आहे, की केवळ कल्पिलेली? उत्तर मिळाले की क्रियापदही सापडते.