पिवळा झाला म्हणजे पिकला असं नाही: कैरी, अढी आणि कार्बाइडची पुडी



आज जरा कडू लिहिणार आहे. आपल्या कवठे येमाईच्या शिवारात ऊस, कांदा, डाळिंब ही पैशाची पिकं. आंबा बहुतेकांचा बांधावरचा. चार-दोन गावठी झाडं आजोबाच्या हातची, आणि १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हापासून कुणाकुणाच्या रानात केशरची कलमं. आंबा आपल्याकडं जोडपीक, म्हणून त्याच्याकडं बघायची आपली नजरही जोडपिकाचीच. एप्रिल उजाडला की टेम्पोवाला येतो, झाडाकडं मान वर करून बघतो, एक आकडा सांगतो आणि आपण झाड मक्त्यानं देऊन मोकळे. माझं भांडण इथूनच सुरू होतं.

झाड मक्त्यानं दिलं की तोड सरसकट होते. मजुरी त्याची, टेम्पो त्याचा, त्याला एका दिवसात झाड रिकामं करायचंय. पण आंब्याला मोहोर एकदम येत नाही, टप्प्याटप्प्यानं येतो. त्यामुळं एकाच फांदीवर एक फळ पाडाला आलेलं, शेजारचं दहा आणे तयार आणि त्याच्या खालचं अजून कोय धरतंय. ही तिन्ही एकाच क्रेटमध्ये गेली की अढीत एकसारखी पिकणार कशी? नाहीच पिकत. मग कार्बाइडची पुडी लागते. म्हणजे पुडी बाजारात सुटत असली तरी तिची गरज आपल्या बांधावर तयार होते. व्यापाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण सरसकट तोडीला हो म्हणणारा शेतकरीच असतो.

आता पुडी करते काय ते नीट समजून घ्या. फळ पिकतं ते इथिलीन वायूमुळं. हा वायू झाडाझुडपांवर परिणाम करतो हे १९०१ मध्ये नेलजुबोव या रशियन शास्त्रज्ञानं दाखवलं आणि फळ तो स्वतःच तयार करतं हे १९३४ मध्ये गेन यानं सिद्ध केलं. तयार फळात हा वायू सुटला की पिठूळ गराची साखर होते, आंबटपणा उतरतो, वास येतो आणि साल रंग धरते. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की निघतो तो ॲसिटिलीन, वेल्डिंगचा गॅस. तो इथिलीनची अर्धवट नक्कल करतो. सालीला रंग चढतो, पण आत जे भरलंच नव्हतं ते कुठून येणार? वर हळद लावल्यासारखा आंबा आणि आत दात आंबवणारा पांढरट गर. शिवाय बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. पुडी हाताळणाऱ्या मजुराच्या हातातोंडाशी ते आधी जातात, गिऱ्हाइकापर्यंत नंतर. म्हणूनच त्यानं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांत ती स्पष्ट लिहिलेली आहे.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. मोबाईलवर दर मे महिन्यात एक निरोप फिरतो: आंबा पाण्यात टाका, तरंगला तर तो कार्बाइडचा. हे चुकीचं आहे. तरंगणारं फळ कोवळं, भरलेलं नसलेलं. बुडणारं फळ भरलेलं. पाण्याची परीक्षा पक्वतेची आहे, विषाची नाही. पण शेतकऱ्यानं ती काढणीनंतर घरीच केली तर पुडीची गरजच संपते. तसंच, इथिलीनच्या चेंबरमध्ये पिकवलेला आंबाही 'केमिकलचा' म्हणून नाक मुरडणारे आहेत. फळ स्वतः सोडतं तोच वायू तिथं मोजून, १०० पीपीएमच्या आत द्यायला परवानगी आहे. मात्र इथेफॉनच्या पाण्यात फळं बुचकळून काढणं म्हणजे चेंबर नव्हे. त्याला परवानगी नाही, आणि हे आपल्याकडं लई जणांना माहीत नाही.

सगळीच फळं तोडल्यावर पिकत नाहीत, हेही डोक्यात पक्कं ठेवा. आंबा, केळी, चिकू, पपई, सीताफळ, टोमॅटो, तिकडचा आलुबुखारसुद्धा, ही तयार झाल्यावर तोडली तर घरात पिकतात. डाळिंब, द्राक्ष, लिंबू तोडलं तिथंच थांबतं. कच्चं डाळिंब अढीत घालून कुणी गोड केल्याचं मी बघितलं नाही. आणि पिकणाऱ्या फळांनाही 'तयार' ही अट आहे. कोकणातले बागायतदार चौदा आणे म्हणतात ते हेच. देठाजवळ खांदे वर आलेत, देठ खळगीत बसलाय, गडद हिरवी साल जरा फिकी पडलीय, झाडाला एखादा पाड लागलाय, मग झेला हातात घ्या. त्याआधी नाही.

मग त्याआधीच्या फळाचं काय? वळीव येतो, वादळ होतं, सकाळी झाडाखाली पाटीभर कैऱ्या पडलेल्या असतात. त्या आपण गुरांपुढं टाकतो किंवा मिळेल त्या भावात देऊन टाकतो, आणि त्याच आठवड्यात पोरं दुकानातून पन्ह्याची बाटली आणतात. याला काय म्हणावं? कैरी म्हणजे बिघडलेला आंबा नव्हे, ते वेगळं पीक आहे, आणि त्याची पूर्ण विद्या आपल्या घरातल्या बायकांकडं आहे. कोय धरायच्या आतली बाळकैरी मिठात मुरवायची नाहीतर चटणीला. कोय धरलेली आंबट कैरी लोणच्याला, मेथांब्याला, किसून गुळांब्याला. पन्ह्याला कैरी उकडून गर काढायचा, गराच्या दीडपट-दुप्पट गूळ, मीठ, वेलची. बाकी उरल्या तर फोडी करून मीठ लावून आंबोशी वाळवायची. मे महिन्याचं आपलं ऊन त्यासाठी फुकट आहे. पावसाळ्यात आमटीत चिंचेऐवजी तीच चालते. फक्त आंबट माल ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नका.

पडलेली कैरी अढीत मात्र घालायची नाही. तिला मार बसलेला असतो. ती सडते आणि शेजारच्या चार नेते. पडलेली चिरायची, झेल्यानं उतरवलेली पिकवायची, एवढा साधा नियम.

अढीही अवघड नाही. सकाळच्या गारव्यात देठासकट उतरवा, देठ खाली करून चीक निथळू द्या. सावलीची, वारा खेळणारी खोली, खाली वीतभर नसला तरी चार बोटं पेंढा किंवा कोरडं गवत, त्यावर फळांचा एक थर, परत गवत. दोन-तीन थरांच्या वर जाऊ नका, उकडतं. एक दिवसाआड हात फिरवून नासलेलं काढा. आठ-दहा दिवसांत आंबा घरभर वास सोडतो. घरापुरते दोन-चार किलो असतील तर कागद घातलेला खोका आणि त्यात एक पिकलेलं केळं, बास. केळ्याचा वायू कामाला येतो. प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका, घाम धरून देठाकडून काळं पडतं. धान्याच्या कणगीत म्हातारी माणसं आंबे पुरायची त्यामागंही हेच, वायू कोंडला जातो आणि ऊबही एकसारखी राहते. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवाल तर गारठ्यानं त्याची पिकायची ताकदच जाते. फ्रिज पिकल्यानंतर.

व्यापारी म्हणेल, आठ दिवस थांबायला मला परवडत नाही, अक्षय्यतृतीयेचा भाव जातो. त्याचं गणित त्याच्या जागी खरं आहे. पण आपल्या देशावरचा केशर साधारण मे अखेर ते जूनमध्ये भरतो. अक्षय्यतृतीया पडते एप्रिल-मेमध्ये. सणाच्या भावापायी न भरलेला माल ओढायचा, तो पिवळा करायचा आणि एकदा फसलेलं गिऱ्हाईक जूनमध्ये आपल्या चांगल्या आंब्याकडंही पाठ फिरवतं, हा तोटा कुणाच्या वहीत लिहिला जातो? आपल्याच.

काही शेतकरी म्हणतील, दोन-तीन तोडीला मजूर कुठून आणू? पाच-दहा झाडांना मजूर लागत नाही, एक झेला आणि घरातली दोन माणसं लागतात. ज्यांची बाग मोठी आहे त्यांनी चार जणांत मिळून चेंबरवाल्याशी बोलावं आणि माल बुडणारा-तरंगणारा वेगळा करूनच न्यावा. कृषी खात्याच्या मंडळींनाही सांगणं आहे: मोहोराच्या फवारणीवर मेळावे होतात, तसा एक काढणीवर घ्या. बादली, पाणी आणि झेला एवढंच सामान लागतं.

या हंगामापुरतं माझं म्हणणं तीन ओळीत. झाड मक्त्यानं देऊ नका, वजनावर द्या. तोड दोन-तीनदा करा. पडलेली कैरी त्याच दिवशी घरात चिरा. पटलं नाही तर खाली बिनधास्त भांडा, पण आधी आपल्या झाडाचे दहा आंबे बादलीत टाकून किती बुडाले ते सांगा.