झोप कोणी नेली?

संत तुकाराम नगरात चहाच्या टपरीवर बसा नाहीतर पाण्याच्या टाकीपाशी उभे राहा, हल्ली एक विषय निघतोच. आता यंत्रच डोके चालवणार म्हणतात, मग आमच्या पोरांनी करायचे काय? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी निघाले आणि कृत्रिम बुद्धी हा शब्द घराघरांत आला. चाकणला ठेकेदाराकडे जाणाऱ्या पोराच्या आईला त्यातले फारसे कळत नाही. पोरगा रात्र रात्र जागा असतो एवढे तिला दिसते.

ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मोटारींच्या कारखान्यांत वेल्डिंगला यंत्रमानव केव्हाच आले. आता हिशेबाच्या, टायपिंगच्या, फोनवर उत्तरे देण्याच्या कामांवर गदा येईल अशी धास्ती आहे, आणि आमच्या बी. कॉम. झालेल्या मुली त्याच कामांच्या आशेवर आहेत. पण कामे जाताना या पट्ट्याने आधीही पाहिली आहेत. २००७ साली आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातले उत्पादन थांबले, तेव्हा कुठे होती ही कृत्रिम बुद्धी? तो व्यवस्थापनाचा हिशेब होता. कोणाला ठेवायचे नि कोणाला काढायचे हे आजही माणसेच ठरवतात. तेव्हा जाब त्यांनाच विचारावा: नवे काम शिकवणार का, नोटीस किती दिवसांची देणार, ठेक्यावरच्या पोराला कायम कधी करणार? भीतीला असा पत्ता मिळाला की माणूस चार जणांत जातो. पत्ता नसला की ती छातीत घर करते.

मग झोप उडते, जेवण जात नाही, घरात उगाच भांडणे होतात. कोणी बाटली जवळ करतो. डॉक्टरकडे चल म्हटले की उत्तर ठरलेले, मी काय वेडा आहे? आणि गंमत पाहा, ज्या यंत्राची दिवसा धास्ती, त्याच यंत्राला आमची काही पोरे रात्री मनातले सांगत बसतात. ते गल्लीत कोणाला सांगत नाही, हसत नाही, म्हणून.

हे नवे नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने 'एलिझा' नावाचा साधा संगणकी कार्यक्रम केला होता. समोरच्याचेच वाक्य फिरवून ती प्रश्न विचारी, बाकी काही नाही. तरीही त्यांच्या सेक्रेटरीबाई तिच्याशी बोलू लागल्या आणि थोड्या वेळाने प्राध्यापकांनाच म्हणाल्या, आपण जरा बाहेर जाता का? माणसाला ऐकणारा कान किती हवा असतो!

आजचे यंत्र एलिझाहून कितीतरी हुशार आहे. अर्ज लिहायला, अभ्यासाला खुशाल वापरावे. पण हाताला सुटलेला कंप त्याला दिसत नाही, दार वाजवून ते आत येत नाही, आणि पुष्कळदा आपल्याला आवडेल तेच बोलते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका आईवडिलांनी सोळा वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येबद्दल अशाच कंपनीवर दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. पण मुलगा रात्री कोणाशी काय बोलतो हे घरी ठाऊक नसणे, ही गोष्ट आपल्याही घरातली आहे.

आपल्या तर दाराशी वाय. सी. एम. रुग्णालय आहे. तापाला, बाळंतपणाला आपण तिथे बिनदिक्कत जातो. मनाच्या दुखण्याचे डॉक्टरही तिथेच बसतात, पण तिथे ओळखीचे कोणी भेटेल म्हणून काही जण मेट्रोने पार पुण्याला जातात. काही तर जातच नाहीत. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारावर सरकारी उपचार मिळणे हा हक्क आहे, आणि आरोग्य विम्यानेही हा आजार इतर आजारांसारखाच धरायचा आहे. दवाखान्यात जायचा धीर होत नसेल तर १४४१६ हा सरकारचा 'टेली मानस' क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येते.

आणि शेजारच्या ताईंचा मुलगा केसपेपरच्या रांगेत दिसला, तर काय झाले म्हणून गल्लीभर विचारत फिरू नका. ताईंना त्या दिवशी पाळी असेल, तर त्याच्यासोबत तुम्ही उभे राहा.