आंध्र महिला सभेच्या व्यवस्थापक मंडळास अनावृत पत्र

सन्माननीय सभासदहो,



हैदराबादच्या विद्यानगरात ज्या परिसरात आपल्या सभेचे दुर्गाबाई देशमुख रुग्णालय उभे आहे, तेथे दीर्घकाळ वास्तव्य केलेला एक मराठी रहिवासी या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. आणि ते खाजगीरीत्या न पाठविता उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, माझ्या विनंतीचा संबंध एकट्या आपल्या संस्थेशी नसून नल्लाकुंट्यापासून अडिकमेटपर्यंतच्या लहानमोठ्या प्रत्येक दवाखान्याशी आहे, मात्र तिला आरंभ करून देण्याचा अधिकार माझ्या मते आपल्याइतका दुसऱ्या कोणाला पोहोचत नाही.

पूर्वी माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून वैद्य निवडीत असे. आता तो गूगलवर दवाखान्याच्या नावापुढे किती तारे आहेत ते पाहतो. यात वावगे काही नाही, कारण परक्या शहरात उतरलेल्याला विचारावयास शेजारी कोठून मिळणार? परंतु ज्या अर्थी त्या ताऱ्यांच्या भरवशावर लोक आपला देह दुसऱ्याच्या स्वाधीन करतात, त्या अर्थी ते तारे कोणी, कोणत्या क्षणी व कोणाच्या आग्रहावरून दिले, हा प्रश्न गौण राहत नाही.

या शहरातील एका दवाखान्यात, ज्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, मी जे पाहिले ते सांगतो. धर्माबादेहून गाडीने काचीगुड्यास उतरलेले एक वृद्ध गृहस्थ, एक्स-रेचा लिफाफा व जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घालून, नातवासह सकाळपासून बाकावर बसून होते. आपला क्रमांक केव्हा लागेल असे त्यांनी विचारले की खिडकीतून दर वेळी एकच उत्तर येई, ‘कूर्चोंडि’, बसा. मधल्या वेळात ओळखीपाळखीची माणसे आत जाऊन बाहेर आली. शेवटी त्यांचा क्रमांक लागला तेव्हा ‘छातीत कळ येते आणि उठलं की गरगरतं’ हे त्यांचे वाक्य नातवाने मोडक्या हिंदीत सांगितले. तेही पुरते ऐकून घेण्यापूर्वी चिठ्ठी लिहून झाली होती. पैसे भरताना खिडकीतल्या मुलीने नातवाचा फोन मागून घेतला, पाच ताऱ्यांवर बोट ठेविले आणि फोन परत केला. ज्यांच्या वतीने तो अभिप्राय नोंदला गेला, त्यांना तीन गोळ्यांपैकी कोणती उपाशीपोटी घ्यावयाची हे त्या वेळीही ठाऊक नव्हते.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला तसा हुकूम असणार. पण असा अभिप्राय ही दस्तऐवजातील खोटी नोंद होय, आणि त्या नोंदीवर विसंबून उद्या आणखी कोणी धर्माबादेहून त्याच बाकावर येऊन बसेल.

कायद्याची बाजू आपणांस विदित आहेच. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनी वैद्याला रुग्णांची याचना करण्याची मनाई केली आहे, आणि मागणी केल्यापासून 72 तासांच्या आत रुग्णाला त्याचे कागदपत्र देण्याचे बंधनही घातले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2 ऑगस्ट 2023 रोजी जाहीर केलेल्या नियमांत समाजमाध्यमांवरील पसंती विकत घेण्यासही बंदी होती; ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढले, परंतु ते ऐच्छिक आहे. तात्पर्य, सरकारी हुकुमाने अभिप्रायांतील हा खोटेपणा थांबेल अशी आशा तूर्त धरता येत नाही. कोणी तरी प्रतिष्ठित संस्थेने स्वखुशीने पायंडा पाडला पाहिजे.

तो आपणच पाडावा असे मला का वाटते? 1923 साली काकिनाड्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले असता, खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या दुर्गाबाईंनी प्रत्यक्ष जवाहरलाल नेहरूंना तिकीट नाही म्हणून अडविले, आणि तिकीट आणविल्यावरच आत सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे 1953 साली चिंतामणराव देशमुखांशी विवाह करून त्या आम्हा मराठी माणसांच्या आप्त झाल्या, आणि दोघांचीही अखेरची वर्षे याच हैदराबादेत गेली. ज्यांच्या नावाने रुग्णालय चालते, त्यांनी बालवयातच दाराशी सर्वांना एक नियम लावून दाखविला होता. दवाखान्याच्या दाराशीही तोच नियम हवा, कारण रुग्णाच्या मनाला सर्वांत अधिक जर काही लागत असेल, तर ते तासन्‌तास बसणे नव्हे, आपल्या मागून आलेला वशिल्याने पुढे गेलेला पाहणे होय. खरोखर अत्यवस्थ असलेल्याला आधी नेले आणि तसे उघड सांगितले, तर त्याला कोणी हरकत घेत नाही.

म्हणून माझी योजना अशी आहे. अभिप्राय पैशांच्या खिडकीवर, रुग्ण अजून आपल्या हातात असताना, मुळीच विचारू नये. रुग्ण घरी जाऊन औषधाचा गुण कळण्याइतके दिवस लोटल्यावर, उपचारांशी संबंध नसलेल्या माणसाने फोन करून विचारावा, आणि तो रुग्णाच्या भाषेत विचारावा. आज गूगलवर जे लिहितात ते बहुधा तरुण व इंग्रजी जाणणारे असतात. नांदेड-परभणीकडून येणारी म्हातारी माणसे, दख्खनी बोलणाऱ्या गृहिणी, मजुरीसाठी आलेली कुटुंबे यांचा शब्द त्यात जवळजवळ नसतोच, आणि बाकावर अधिक वेळ बसतात ती हीच मंडळी. त्यांना औषधाविषयी काय सांगितले हे विचारण्याऐवजी काय समजले ते विचारावे. माझा अनुभव असा आहे की निम्म्याअधिक असंतोषाचे मूळ तेथे सापडते, आणि उरलेल्याचे खर्चाचा अंदाज आधी न दिल्यात. आलेल्या तक्रारींचा गोषवारा, कोणाचे नाव न घेता, प्रतीक्षागृहातील फलकावर दरमहा लावावा व त्यापुढे काय दुरुस्ती केली ते लिहावे. दुरुस्ती झाली नसेल तर तसेही लिहावे.

गूगलवर कठोर अभिप्राय आला असता अनेक दवाखाने त्याच ठिकाणी रुग्णाचा आजार व उपचार उघड करून आपली बाजू मांडतात, ही मला सर्वांत निंद्य गोष्ट वाटते. रुग्णाने रागाने काहीही लिहिले असो, त्याचे गुपित सांभाळण्याचे वैद्याचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. तेथे केवळ दखल घेतल्याचे कळवावे आणि खुलासा समक्ष करावा.

ही योजना आपण स्वीकाराल, तर मराठी बोलणाऱ्या रुग्णांना फोन करून त्यांचे म्हणणे जसेच्या तसे लिहून घेण्याचे काम मी विनावेतन पत्करीन. आणि या वस्तीतील आणखी चार मराठी निवृत्त मंडळीही त्यासाठी येतील, अशी मला खात्री आहे.



आपला नम्र,
विद्यानगर येथील एक मराठी रहिवासी