काडी कुणाची, कोळसा कुणाचा?

शेतात उरणाऱ्या काडीकचऱ्याला आता गिऱ्हाईक मिळू लागले आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्र सरकारने 'सतत' योजनेखाली जैववायूचे 5000 प्रकल्प उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ऑक्टोबर 2021 मध्ये ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरील वीजकेंद्रांना इंधनात 5 टक्के काडीकचऱ्याच्या कांड्या मिसळण्याचे बंधन घातले. त्याच्या अंमलाची मुदत पुढे सरकली. दिशा मात्र बदलली नाही. ऑगस्ट 2022 मध्ये पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना सुरू झाला. मराठवाड्यातले परळीचे वीजकेंद्र कोळशावरच चालते. तेव्हा नांदेड-लातूरच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या या बाजारापासून फार काळ दूर राहतील, असे समजण्याचे कारण नाही.

सरकारी कागदपत्रे या मालाला 'टाकाऊ' म्हणतात. मांजरेकाठच्या बिलोली तालुक्यात तो टाकाऊ नाही. ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचे भुसकट जनावरांच्या दावणीला जाते. तुराट्यांचे कूड होतात. कापसाच्या पऱ्हाट्या उपटणारी मजूर बाई संध्याकाळी त्यांतलाच एक भारा डोक्यावर घेऊन घरी येते आणि त्यावर तिची चूल पेटते. गॅसची टाकी घरात आली, तरी ती भरून आणायला पैसे लागतात. पऱ्हाटीला लागत नाहीत. या भाऱ्यावरचा तिचा हक्क कोणत्याही सातबाऱ्यावर लिहिलेला नाही. पऱ्हाटीला टनावारी भाव आला की पहिला घाला याच हक्कावर पडेल.

दुसरा घाला जमिनीवर पडेल. कोरडवाहू काळ्या रानाला आधीच सेंद्रिय कर्बाची चणचण आहे. जनावरे कमी झाली, तसे शेणखतही घटले. अशा रानातून काडी सतत बाहेर जात राहिली, तर तिच्याबरोबर पालाश जातो, नत्र जातो आणि मातीत मुरू शकणारा कर्बही जातो. वीजकेंद्राच्या भट्टीत त्यातले काहीच वाचत नाही. उरलेली राख दगडी कोळशाच्या राखेत मिसळून जाते. शेतकऱ्याच्या हाती एकदाची रक्कम पडते आणि जमिनीचे देणे मात्र दरसाल वाढते.

या पेचातून वाट काढण्याचा एक विचार अमेरिकेतील मृदाशास्त्रज्ञ डेव्हिड लेअर्ड यांनी 2008 साली मांडला. काडी पूर्ण जाळू नये. हवा रोखून ती तापवावी. निघणारा वायू आणि तेल इंधन म्हणून वापरावे आणि मागे राहणारा कोळसा, म्हणजे बायोचार, ज्या शेतातून काडी आली त्याच शेतात परत घालावा. अशा रीतीने काडीतला सुमारे निम्मा कर्ब टिकतो, आणि मातीत तो लवकर कुजत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी कोळसा मिसळून घडवलेली काळी माती आजही सुपीक आहे. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने कापूस, तूर, मका, एरंड यांच्या काड्यांपासून साध्या पिंपाच्या भट्टीत असा कोळसा करून दाखवला आहे. बिलोलीपासून ही संस्था काही फार दूर नाही.

तथापि, नव्या तंत्राचा जयघोष करणाऱ्यांपासून सावध राहणे भाग आहे. बायोचारने उत्पन्न वाढल्याचे ठळक अनुभव प्रामुख्याने उष्ण प्रदेशांतील आम्लधर्मी, निकस जमिनींतले आहेत. मराठवाड्याची काळी माती अल्कधर्मी आणि चिकण आहे. कोळसाही बहुधा अल्कधर्मीच असतो. तो बेहिशेब टाकला तर जस्त आणि लोह पिकाला मिळण्यात अडचण येऊ शकते. शिवाय हिशेब पाहावा. हेक्टरी 2 टन पऱ्हाट्या धरल्या, तर कोळसा 5 ते 6 क्विंटल निघेल. प्रयोगांत मात्र हेक्टरी 5 ते 10 टन कोळसा सर्रास वापरला जातो. म्हणजे स्वतःच्या रानातल्या काडीवर तेवढी मात्रा गाठायला दहा-वीस वर्षे लागतील. कोळशात नत्रही फारसा उरत नाही. म्हणून तो शेणखतात, गोमूत्रात मुरवून थोडाथोडा घालणेच शहाणपणाचे. तो खताला पर्याय नाही. खत धरून ठेवणारा जोडीदार आहे.

पऱ्हाटीच्या बाबतीत मात्र एक जमेची बाजू निश्चित आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कापूस उत्पादकांची दैना केली. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत ही कीड पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. त्या उघड्यावर पेटवून धूर करण्यापेक्षा त्यांचा कोळसा करणे केव्हाही बरे.

खरा झगडा मालकीचा आहे. जानेवारी 2025 मध्ये गूगलने 'वराह' या भारतीय कंपनीकडून 2030 पर्यंत 1 लाख टनांची कार्बन-पते विकत घेण्याचा करार केला. ही पते बायोचारच्या आधारावरच उभी आहेत. म्हणजे मातीत पुरलेल्या कोळशालाही आता जागतिक बाजारात किंमत आहे. ती किंमत कोणाच्या पदरात पडणार? पऱ्हाटी उपटणाऱ्या मजुराच्या, बटईने कसणाऱ्या कुळाच्या, सातबारा नावावर असलेल्या मालकाच्या, की दूरच्या शहरातल्या दलालाच्या? करार इंग्रजीत आणि शेतकरी एकेकटा, अशा स्थितीत उत्तर काय असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. चारा आणि गरिबाची चूल भागल्याखेरीज काडीची विक्री होऊ नये. किती काडी रानात राखायची, हे ग्रामसभेने ठरवावे. काडी उचलणाऱ्या प्रकल्पाने ती जाळून संपवू नये, तिचा कोळसा त्याच गावाच्या मातीला परत करावा. भट्ट्या सहकारी मालकीच्या असाव्यात आणि त्यांवरच्या कामाला पुरती मजुरी मिळावी. रोजगार हमीचा कायदा 1977 साली करणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य नाही. कार्बनच्या पैशात मजूर आणि बटईदार यांचा वाटा लेखी असावा. बिलोली तालुक्यातच सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. काळ्या जमिनीला किती कोळसा मानवतो, याची चाचणी त्यांनी शेतकऱ्यांच्या रानात घेऊन निष्कर्ष मराठीत गावोगाव पोचवावेत.

कार्यकर्त्यांनी दलाल गावात येण्याची वाट पाहत बसू नये. कोणाच्या रानातली काडी कोणाच्या चुलीत आणि कोणाच्या दावणीला जाते, याची गाववार मोजणी येत्या उलंगवाडीपूर्वी व्हायला हवी. ही नोंद हाती असेल, तर ग्रामसभेत भांडता येईल. ती नसेल तर काडीही जाईल, कोळसाही जाईल आणि बिलोलीच्या रानात केवळ ढेकळे उरतील.