तान्ह्यांची भाषा आणि कोयत्याचा हिशेब

पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, या प्रश्नावर २०२५ साली महाराष्ट्र ढवळून निघाला आणि अखेर २९ जून रोजी सरकारला त्याविषयीचे शासननिर्णय मागे घ्यावे लागले. लोकमताचा तो विजय रास्तच होता. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या भाषेविषयी एवढा जागरूक असणारा समाज, त्याच मुलाच्या पहिल्या तीन वर्षांत त्याची भाषा कोठे आणि कशी घडते, याची विचारपूस क्वचितच करतो.

मूल बोलायला शिकते ते देवघेवीतून. तान्हे हुंकारते, आई त्याला उत्तर देते. ते बोट दाखविते, मोठे माणूस त्या वस्तूचे नाव घेते. ते अर्धामुर्धा शब्द उच्चारते आणि ऐकणारा न हसता, न रागावता तोच शब्द पुरा करून परत देतो. यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. लागते ते उसंत असलेले माणूस. पडदा कितीही बोलला तरी मुलाला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार वर्षाच्या आतील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून अधिक दाखवू नये.

'मुलाशी बोला' हा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. उपदेश खरा आहे. पण तो कोणाला केला जात आहे? बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणाऱ्या ऊसतोड जोडप्याकडे पाहावे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतात. उचल आधीच खर्ची पडलेली असते आणि खाडा झाला तर दंड कापला जातो. आई पहाटेच्या अंधारात फडात उतरते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. कोपीवर परतली की चूल आणि पाणी. तान्हे बांधावरच्या झोळीत किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते, आणि त्या बहिणीची शाळा गावाकडे राहिलेली असते. या आईला 'मुलाशी गप्पा मारा' असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला सकस आहाराचे महत्त्व पटविणे होय.

अमेरिकेतील हार्ट आणि रिस्ली यांनी १९९५ साली असा निष्कर्ष मांडला की, गरीब घरातील मूल शाळेत जाण्यापूर्वीच सुखवस्तू मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. हा आकडा जगभर गाजला. तो ४२ कुटुंबांवरून काढलेला होता आणि त्यांतील अत्यंत गरीब कुटुंबे अवघी सहा होती, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही. पुढे त्यावर सडकून टीकाही झाली. गरिबाच्या घरी शब्दांचा दुष्काळ असतो, ही समजूत महाराष्ट्रात तरी टिकणारी नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ज्या स्त्रियांनी ही संपदा सांभाळली, त्यांच्या लेकीसुनांना भाषा शिकवायला कोणी जाण्याची गरज नाही. त्यांच्यापाशी नाही तो वेळ.

बंजारा कुटुंबांच्या वाट्याला आणखी एक अन्याय येतो. घरात गोरमाटी बोलल्याने मूल शाळेत मागे पडते, असे त्यांना सांगितले जाते. दोन भाषांमुळे वाचा खुंटत नाही. आईबापांनी आपली सहज भाषा सोडून मोडक्यातोडक्या परभाषेत मुलाशी बोलू लागणे, हेच खरे नुकसान.

काही मुलांचे अडणे निराळे असते. हाकेला मान न वळविणाऱ्या किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द न जोडणाऱ्या मुलाचे कान तपासलेच पाहिजेत. 'बोलेल उशिरा, बापही उशिरा बोलला' म्हणून थांबू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील अशा तपासणीची तरतूद आहे. परंतु नाव एका गावच्या अंगणवाडीत आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर, अशा स्थितीत पथकाला ते सापडायचे कसे?

१९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली आणि १९७६ च्या दुरुस्तीने तीसहून अधिक स्त्रिया असलेला प्रत्येक कारखाना तिच्या कक्षेत आला. साखर कारखान्याचा ऊस तोडणारी स्त्री मात्र कुंपणाबाहेरची आणि कागदोपत्री मुकादमाची. म्हणून तिचे मूल कोणाचेच नाही. सहकाराचे गोडवे गाणाऱ्या संचालकांना ही पळवाट बरी मानवते. साखरशाळा आणि वसतिगृहे झाली, पण ती शाळकरी मुलांसाठी. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत काम उभे केले, तेव्हा बालशिक्षण आदिवासी पाड्याच्या अंगणात नेले होते. त्याच न्यायाने पाळणाघर फडावर गेले पाहिजे.

ऊसतोडणीच्या दराचा पुढील करार होईल, तेव्हा टक्केवारीच्या घासाघिशीत हे कलम गहाळ होऊ नये, याची दक्षता संघटनेतील कार्यकर्त्यांनी आतापासून घ्यावी: प्रत्येक तळावर कारखान्याच्या खर्चाने पाळणाघर, ते चालविण्यासाठी तोडणी करणाऱ्या स्त्रियांपैकीच, मुलांची भाषा जाणणाऱ्या बाया, पूर्ण मजुरीवर, आणि अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईला दिवसातून दोनदा, खाडा न धरता, मुलाकडे जाण्याची सुटी.